साहेबाचं गाव आणि पावाची गाडी

फुजैरा, फेब्रुवारी १९९८

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (गाडीत बसून लिहितोय, जागा होईल तेवढाच आडवा पडलोय असं समजा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा राग उतरला का? माझी तब्येत ठीक, फक्त एका जागी बसवत नाही. दुबईतलं रास अल खोरचं गोडाऊन सोडून इथे बंदरावरच्या फ्रेंच साहेबाचा ड्रायव्हर झालो, हे कानावर आलंच असेल.

पहिल्याच दिवशी तोंडून गेलं, "साब, यू व्हॉट व्हिलेज?" आपण कुणालाही विचारतो तसं. इथे सगळे देश विचारतात, गाव कोण विचारतो! साहेबानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं (म्हटलं, खलास, गेली नोकरी), आणि मग जो सुरू झाला तो दुबई येईस्तोवर थांबलाच नाही.

तेव्हापासून रोज मोंब्राक, म्हणजे साहेबाचं गाव. चहूकडे डोंगर, मधून नदी, अल्याड चर्च, पल्याड बेकरी. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे राजाला पाडलं त्या धामधुमीत सरकारी माणसं तोफा ओतायला चर्चची घंटा न्यायला आली, तर गावानं ती नदीत बुडवली. पुढे वर काढली, पण कुठल्या काठावरच्यांनी काढली यावरून दोन्हीकडचे अजून धड बोलत नाहीत. (आपली वरची वाडी, खालची वाडी आणि पालखीचा वाद सांगितला, तर साहेबाला भलताच आनंद.) नंतर लढाया झाल्या. चौकातल्या दगडावर मेलेल्या पोरांची नावं आहेत, ती आता गावातल्या माणसांपेक्षा जास्त. उरलेले शहरात गेले. बेकरी बंद. पाव शेजारच्या गावाहून गाडीनं येतो आणि त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला दिसत नाही. परवा त्यानं पुलाचा कठडा पाडला.

मामा, त्या गाडीचं ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. इथे समोर बोडके डोंगर आणि नुसती उभी जहाजं. गोडाऊनचा मेकॅनिक अलीमियाँ म्हणतो, "तेरेकू दुबई में चैन नहीं, उधर बकरी के साथ बैठेगा क्या?" बसायचं कुणाला आहे? पावाची गाडी घेऊन रोज सगळा डोंगर फिरायचा! साहेब जूनमध्ये कायमचा गावी चाललाय.

आणि तुम्ही अनुराधाच्या वडिलांना सांगितलंत, "मुलगा दुबईत स्थिर आहे." दुबईतही नाही, स्थिरही नाही. मे महिन्यात मुलगी बघायला जायच्या आधी तेवढं दुरुस्त करा.

मामीला नमस्कार, पोरांना पापे.

तुमचा भाचा,
सुजीत

ता. क. अनुराधाला एकटीला गाठून विचारा, थंडी सोसते का आणि भाताऐवजी पाव चालेल का. मोंब्राकची शाळा दोनच मुलांवर तग धरून आहे, हे मात्र इतक्यात बोलू नका.

ता. क. २ आईला यातलं अक्षर नको.

ता. क. ३ साहेबाला मी पावाच्या गाडीबद्दल अजून काहीच विचारलेलं नाही. ती हो म्हणाली तर विचारीन. एकट्यासाठी विचारायला जीभ रेटत नाही.