‘वाजू दे’ कोण म्हणालं

आप्पा,

आधी काय झालं ते क्रमानं लिहिते.

१. तुम्ही गेलात त्या दिवसावर मी एक गाणं केलं आणि फोनवर गाऊन त्याचा व्हिडिओ टाकला.
२. ते लोकांनी उचललं. आज मला कुणी ओळखत असेल तर त्या गाण्यामुळं.
३. त्यात एक ओळ आहे : आई म्हणाली, वाजू दे.
४. आई म्हणते, ते शब्द तिचे नाहीत, तुमचे आहेत.
५. शुक्रवारी पुण्यात एका कंपनीसाठी ते गाणं पक्कं रेकॉर्ड होणार आहे. त्यानंतर त्यात बदल करता येणार नाही.

मी सांगलीत असते. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासते आणि सुटीच्या दिवशी गाणी करते. खोलीच्या भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून डोक्यावर वाकळ घेऊन बसते, फोन गुडघ्यावर. सुरू करण्याआधी तुमच्यासारखं ‘एक, दोन’ म्हणते. लग्नाच्या मांडवात भाड्याचे कर्णे लावून झाले की तुम्ही माइक हातात घ्यायचात आणि एक, दोन, एक, दोन, एवढ्यावरच थांबायचात. मी एकदा विचारलं होतं की तीन का म्हणत नाही. तुम्ही वायर गुंडाळत होतात. म्हणालात, “तीन म्हटलं की लोकांस्नी वाटतंय सुरू झालं. मग सगळी माझ्याकडं बघत्यात. आपल्याकडं कुणी बघायचं न्हाई, ह्यो आपला धंदा.” आता माझ्याकडं सगळे बघतात. व्हिडिओतलं ‘एक, दोन’ लोकांना माझी लकब वाटते. मी काही खुलासा केलेला नाही.

आळीत कुणी गेलं की मयत उचलेपर्यंत कर्णा बंद, हा गावचा रिवाज. तो तुमच्याइतका कडक कुणी पाळला नाही. तुम्ही गेलात तेव्हा उंब्रजला आपल्याच मागच्या आळीत लग्न होतं आणि सेटही आपलाच लावलेला होता. पहाटे तुमच्या छातीत दुखायला लागलं, गाडी येईपर्यंत सगळं संपलं. मी पडवीत उभी आहे. लग्नघरचा एक माणूस टोपी हातात घेऊन दारात येतो आणि खाली बघत विचारतो, वैनी, कर्णं काढू का. आतून आईचा आवाज येतो, “वाजू दे.” बस, एवढंच. तुम्हाला आंघोळ घातली तेव्हा मागून सनई ऐकू येत होती, तुमच्याच कर्ण्यातून. मी तो आवाज अनेक वर्षं बरोबर घेऊन फिरले आणि गाण्यात लिहिला तेव्हा एकही शब्द वाढवला नाही. लोकांना तेच आवडलं. किती खरं आहे, असं लिहितात.

आईबद्दलही लिहितात. असली आई देवानं कुणाला देऊ नये, असं एकानं लिहिलं आणि त्याला शेकडो जणांनी दुजोरा दिला. मी ते वाचून पुढं गेले. आईकडंही फोन आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गावात तर पोरं तिला बघून एकमेकांना म्हणतात, वाजू दे काकू आल्या. गिरणीत एक बाई दळण घेता घेता मला म्हणाली, “गाणं लय भारी हाय गं. पर तुजी आई आमाला इतकी घट्ट काळजाची वाटली न्हवती.” कौतुकानंच म्हणाली.

मागच्या रविवारी घरी गेले. आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. मी पुण्याच्या रेकॉर्डिंगचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ती ओळ काढ. मी म्हटलं, तू बोललीस ते मी स्वतः ऐकलंय. ती टरफलं सुपात गोळा करत राहिली.

“बोलले मीच. सांगितलं ह्यांनी. गाडीची वाट बघताना म्हणालं, माझं काय बी होऊ दे, मागल्या आळीतल्या पोरीचं लगीन हाय, आवाज बंद करू नगं.”

इतकी वर्षं का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

“कुणी इचारलं? गाव बोललं, त्ये मी सोसलं. पर तू गाण्यात घालायच्या आदी इचारायचं व्हतंस. मी जित्ती हाय अजून.”

मग तिनं मला चहा करून दिला. त्यात साखर नेहमीइतकीच होती.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कारखान्यात तपासलेला बोर्ड पुन्हा तपासते. लहानपणी वाईकडच्या एका गावात बघितलेली वरात सारखी आठवते. मी टेम्पोत जनरेटरशेजारी बसले आहे. निरोप येतो की आळीतला एक म्हातारा गेला. तुम्ही हात वर करून सगळं बंद करता. नवऱ्याकडचे म्हणतात, “आवं आप्पा, म्हाताऱ्याला आदीच ऐकू येत न्हवतं.” तुम्ही म्हणता, “त्येला न्हवतं, घरच्यांस्नी येतंय.” पुढं वरात नुसती चालत गेली. नवरीची मान खाली ती खालीच. परत येताना तुम्ही उंब्रजच्या फाट्यापर्यंत गप्प होतात. मग म्हणालात, “त्या पोरीचं लगीन मुकं झालं गं. एकदाच व्हतं ते.” मला वाटलं होतं, तुम्ही दमला आहात.

पडवीत मी जे ऐकलं ते चुकीचं नव्हतं. आवाज आईचाच होता, शब्दही तेच. पण कर्ण्यातून येणारा आवाज कर्ण्याचा नसतो, हे तुमच्या मुलीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुण्याच्या कंपनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, तीच ओळ चालली आहे, तिला हात लावू नका. ‘आप्पा म्हणाले, वाजू दे’ असं म्हटलं तर मग बाप मोठ्या मनाचा ठरतो आणि गाणं इतर गाण्यांसारखं होतं, असं त्यांचं मत. कदाचित बरोबर असेल. मी त्यांना होही म्हटलेलं नाही आणि नाहीही.

हे पत्र कुठं पाठवता येत नाही, हे मला कळतं. तुम्हाला विचारायची तशी गरजही नाही, कारण आईचं मला पटलं आहे. रविवारी चहा पितानाच पटलं होतं. शुक्रवारी मी तुमचंच नाव घेऊन गाणार आहे, मग ते ठेवोत की टाकोत. तरी विचारते आहे, ‘वाजू दे’ तुमचंच ना? सगळ्या तालुक्याच्या हातात तुम्ही माइक दिलात, पण तुमचा स्वतःचा आवाज कुठल्याच टेपवर नाही. माझ्याजवळ फक्त एक, दोन आहे, आणि तेही आता माझ्याच आवाजात ऐकू येतं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.