मैत्रीच्या मानेवरची फुली

६ जाने., मंगळ. लातूर

सकाळी नऊला मैत्रीला आत नेलं, पावणेअकराला बाहेर आणलं. मानेतली सगळ्यात मोठी गाठ काढली, बाटलीत घालून तपासायला पाठवली. रिपोर्टला आठ-दहा दिवस. संदीप बाटली बघून आला. "बोराएवढी होती," म्हणाला. मी विचारलं होतं का? नवरे लोक नको तेव्हा माहिती देतात.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. टीबी असू शकतो, साधी सूजही असू शकते, आणि तिसरं ते. तिसऱ्याचं नाव त्यांनी इंग्रजीत घेतलं आणि आवाज खाली केला.

दुसरीकडे कुठे बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. आत नेण्याआधी बाईंनी विचारलं, "कातडी भाजल्यासारखी दिसतेय. काही लेप, चुना, बिब्बा?" मामा, म्हणजे सासरे, शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "नाही मॅडम. नवा स्वेटर होता लोकरीचा, त्यानं पुरळ आलं." बाईंनी लिहून घेतलं. मैत्रीनं माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांची आहे. तिला सगळं कळतं.

खरं असं की डिसेंबरात माहेरी गेलो तेव्हा गाठ एकच होती, हरभऱ्याएवढी. मायनं चुलीवर बिब्बा तापवला आणि सुईच्या टोकानं गाठीवर फुली मारली. मैत्रीचं डोकं मी धरलं होतं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. मान लालभडक, फोड. आठवड्याच्या आत बाजूला आणखी तीन गाठी. आणि बाई घाबरल्या त्या याच तीन गाठींना. "इतक्या लवकर वाढल्या म्हणजे थांबायला नको, काढूनच बघू."

म्हणजे ही चिरफाड कदाचित माझ्यामुळे. कदाचित नाही. हेच कळत नाही.

८ जाने., गुरु. नांदेड

घरी आलो. मै. खुशीत. मानेला पट्टी म्हणून शाळा नाही.

मामा माझे सासरे कमी आणि हेडमास्तर जास्त. रिटायर होऊन वर्षं झाली तरी सकाळी साडेपाचला आंघोळ, वंदना, पेपर, त्यात बदल नाही. तालुक्यातल्या खेड्याखेड्यांत जाऊन भाषणं देतात. पोरांना डाग देऊ नका, बिब्बा घालू नका, दवाखान्यात न्या. लोक टाळ्या वाजवतात. आणि त्यांच्याच घरात...

आज वंदनेला मै. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. झाल्यावर म्हणाली, "आबा, माझी गाठ जाऊ दे म्हणा ना."
"मागायचं नसतं बाळा. तथागत देणारे नव्हते, वाट दाखवणारे होते."
"मग वाट तरी विचारा."
मामा हसले. आठ दिवसांत या घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

मला मात्र भरून आलं. शेजारच्या वहिनी माहूरच्या देवीला पाच मंगळवार बोलल्यात मै.साठी. परस्पर. मला राग यायला हवा होता. हेवा वाटला. त्यांना जायला एक ठिकाण आहे.

९ जाने., शुक्र.

ड्युटीवर हजर. रजा संपत आली, शिल्लक ठेवायला हवी. पुढे काय लागेल कोण जाणे.

नांदेड–कंधार–लातूर. गाडी भरगच्च. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सगळ्या जगाला माहेर आठवतं. एक म्हातारी दर्ग्याला निघालेली, मांडीवर फुलांची पुडी. दोघी जणी नवस फेडायला, कोंबडं पिशवीत. पिशवीतून मान बाहेर काढून ते सगळ्यांकडे रागानं बघत होतं. मशीनमधून त्यांची तिकिटं काढताना वाटलं, हे सगळे कुणाला तरी भेटायला निघालेत.

लातूर स्टँडवर गाडी लागली की मला अजून अकरावी-बारावीचे दिवस आठवतात. होस्टेलच्या खोलीत सहा जणी, एक आरसा. दर पंधरा दिवसांनी दादा, माझे वडील, यायचे, दुपारच्या गाडीनं. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या, वर मिरचीचा ठेचा. मुलींच्या होस्टेलमध्ये आत सोडत नसत, म्हणून फाटकाबाहेर लिंबाखाली चप्पल काढून बसायचे. मी जेवत असताना माझ्याकडे बघत राहायचे. "अभ्यास हाय ना नीट?" एवढंच. परतीची गाडी सुटेपर्यंत दुसरं वाक्य नाही. तेव्हा मला मैत्रिणींसमोर त्यांच्या फडक्याची लाज वाटायची. आता तेच फडकं कुणी आणून दिलं तर डोळ्याला लावीन.

दादा जाऊन सहा वर्षं झाली. ते असते तर त्यांना सांगितलं असतं. ते ओरडले नसते.

११ जाने., रवि.

मायचा फोन. रोज दोनदा करते.
"पोरगी जेवली का?"
"हाव."
"मंग तू का अशी बोलायलीस?"
"माय, डॉक्टरनं बिब्ब्याचं विचारलं होतं."
"बिब्बा काय देव हाय व्हय लाजायला? अवशीद हाय ते. तुझी गाठ कशानं गेली मंग? इसरलीस?"

विसरले नाही. सात वर्षांची असेन. मलाही मानेत अशीच गाठ आली होती. थंडीचे दिवस, चुलीपुढे बसवलेलं. मायच्या लुगड्याला धुराचा वास. बिब्बा तडतडला, सुई लावली, चर्र झालं. मी किंचाळले तशी मायनं तोंडात गुळाचा खडा कोंबला. नंतर गोधडीत घेऊन बसली, भाऊ रानातून हुरडा घेऊन आला, पहिली मूठ मला. इतके लाड माझे कधी झाले नव्हते. गाठ गेली. फुली अजून आहे, कॉलरखाली.

म्हणून तर मी मै.चं डोकं धरलं. औषध म्हणून कमी. त्या संध्याकाळसाठी जास्त, असं आज वाटतंय. खरंच तसं असेल तर मी काय आई आहे?

फोन ठेवताना माय रडली. "मला काय म्हायती बाई, पोरीला उतंल म्हणून."

१४ जाने., बुध.

संक्रांत आम्ही करत नाही, पण तिळगूळ कुणी हातावर ठेवला तर खातो. सात घरांतून आला. मै.नं डब्यात भरून ठेवलाय. खात मात्र नाही. भूक कमी झालीय.

दुपारी कंधारच्या अलीकडे गाडीत फोन. डॉ. बाई स्वतः. रिपोर्ट आलाय पण स्पष्ट नाही. गाठीत सूज खूप, त्यामुळे तपासणाऱ्यांना नक्की सांगता येईना. तोच तुकडा आणखी तपासायला मोठ्या ठिकाणी पाठवलाय.
"ताई, मी परत विचारते. मानेवर काही लावलं होतं का? याच्यावर बरंच अवलंबून आहे."
गाडीत साठ माणसं. पुढून ड्रायव्हर काका ओरडायले, "बाई, बेल द्या!"
"नंतर फोन करते मॅडम," म्हणाले आणि बेल मारली.

दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मामा होते म्हणून. आज कोण होतं?

एक गोष्ट पुढच्या स्टॉपपर्यंत आठवली आणि मग दिवसभर गेलीच नाही. इंजेक्शनं. त्या वर्षी दादा मला रोज सायकलवर कंधारला सरकारी दवाखान्यात न्यायचे. पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे. किल्ला दिसला की मी रडायला सुरुवात करायची, कारण किल्ल्यानंतर सुई. परत येताना स्टँडवर एक पेरू, अर्धा मला, अर्धा त्यांना. किती दिवस? उन्हाळा लागेपर्यंत, नक्की. कारण शेवटी शेवटी सायकलची सीट इतकी तापायची की दादा तिच्यावर पाणी मारायचे.

म्हणजे माझी गाठ सुईनं गेली. चुलीवरच्या नव्हे, दवाखान्यातल्या. आणि घरात पंचवीस-तीस वर्षं आम्ही बिब्ब्याचं नाव घेतोय. दादांनी कधी चूक सुधारली नाही. माय खूश होती, असू दे म्हणाले असतील. तो माणूस तसाच होता.

१५ जाने., गुरु.

मामांना सांगितलं. दुपारी, संदीप कामावर, मै. झोपलेली. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. बिब्बा, मायचं घर, डोकं मी धरलं, स्वेटर खोटा, सगळं.

मामांनी पेपरची घडी केली. परत उघडली. परत घडी केली.
"मी तिथं उभा होतो म्हणून बोलली नाहीस?"
"हाव."
"म्हणजे बिब्बा तुम्ही घातला, आणि तुझं तोंड मी बांधलं."
तसं नाही म्हणायला हवं होतं. पण तसंच होतं.
"मी गावोगाव बोंबलत फिरलो. घरातलं माणूस मला भ्यायलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "डॉक्टरला सांग. आज. माझा राग मी बघतो."

संध्याकाळी संदीपला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं ना गं." आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेला. तासाभरानं मै.साठी संत्री घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही, पण सोलताना एक फोड माझ्या ताटात ठेवली.

बाईंचा फोन लागला नाही. ऑपरेशनमध्ये होत्या.

१६ जाने., शुक्र.

सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या, मध्ये फक्त तारखा विचारल्या. बाकीच्या तीन गाठी फुलीच्या आधी की नंतर? नंतर. किती दिवसांनी? पाच-सहा. मग माझी लहानपणची गाठ आणि कंधारची इंजेक्शनं सांगितली.

"हे सगळं पहिल्या दिवशी हवं होतं ताई."
"मग काढली नसती का गाठ?"
"कदाचित थांबले असते. कदाचित नसते." मग म्हणाल्या, "बाजूच्या गाठी बिब्ब्यानं आल्या असतील तर त्यांची भीती कमी होते. पहिली गाठ मात्र आधीचीच आहे. ती कशानं आली, ते अजून कळायचंय. सोमवारी या. रागवायचं नंतर बघू."

फोन ठेवला आणि भांडी घासायला बसले. हलकं वाटलं. खोटं का बोलू, खूप हलकं वाटलं. वाटलं, सगळं सांगून झालं, आता चांगलंच होईल. मागायचं नसतं म्हणतात, पण मी हा सौदाच केला की मनातल्या मनात. मी खरं बोलले, आता तू...

कुणाला म्हणाले ते माहीत नाही.

१९ जाने., सोम. लातूर

पहाटेच्या गाडीनं आलो. मी, संदीप, मामा, मै. आज मी प्रवासी. तिकीट दुसऱ्या बाईनं फाडलं, मै.ला खिडकी दिली.

मोठ्या तपासणीचा रिपोर्ट अजून नाही. बुधवार म्हणतात. बाईंनी टाके बघितले, जखम चांगली भरलीय. मग मै.ला टेबलावर बसवून पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागल्या. ताप येतो का, खोकला येतो का, रात्री घाम येतो का. पहिल्या दिवशीही विचारलं होतं हे सगळं. तेव्हा तिनं नाही म्हटलं होतं आणि मीही नाही म्हटलं होतं.

आज प्रत्येक प्रश्नाला ती आधी माझ्याकडे बघायची. माझा चेहरा बघायची, मग उत्तर द्यायची. बाईंच्या ध्यानात आलं. त्या थांबल्या.

मी म्हणाले, "मैतू, माझ्याकडं बघू नको. खरं असेल ते सांग. मम्मी खोटं बोलली होती, ते चुकलं मम्मीचं."

तिनं पायातल्या सँडलकडे बघितलं. म्हणाली, "घाम येतो. रोज येतो. फ्रॉक ओला होतो."

मला काहीच कळेना. माझी मुक्कामी ड्युटी असली की ती मामांच्या खोलीत झोपते, नसली की माझ्याजवळ. ओला फ्रॉक कुणीच पाहिला नाही. संदीपनं विचारलं, "मग बेटा, फ्रॉक कुठं जातो?"

"कूलरच्या मागं वाळत घालते. दुसरा घालते. सकाळी घडी करून ठेवते."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आजीकडं जायच्या आधीपासून."

मामा भिंतीला टेकले. बाईंनी पेन उघडलं आणि लिहायला लागल्या, खूप वेळ लिहीत होत्या. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?" ओरडून नाही, पण आवाज फुटलाच.

"तू डॉक्टरला नाही म्हणालीस ना," ती म्हणाली. "मला वाटलं, असं सांगायचं नसतं."

रात्रीचा असा घाम टीबीतही येतो आणि त्या तिसऱ्यातही, बाई म्हणाल्या. रक्ताची चिठ्ठी दिलीय, छातीचा फोटोही. बुधवारपर्यंत लातूरलाच थांबा म्हणाल्या. स्टँडजवळ खोली घेतली. मैत्री आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय, दुपारची वेळ. मी तिच्या पाठीखाली हात घालून ठेवलाय. अजून तरी कोरडी आहे.