सोळावं रीळ

४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बायकोला सांगतोस, म्हणून पत्र. हे तिला दाखवू नकोस. दाखवशीलच म्हणा.

बाइंडर परत आलेत. आमच्या दवाखान्याची रजिस्टरं बांधायचे आणि चाळीस वर्षांपूर्वी परगावच्या छापखान्यात गेले, तेच. बायको जाऊन पाच वर्षं झाली म्हणे. दोन महिने रोज संध्याकाळी चहाला येतात. माझी सगळी फाटकी पुस्तकं बांधून झाली, आता चांगली उसवतात की काय अशी शंका येते. परवा म्हणाले, एकवीस तारखेला कायमचा पुतण्याकडे निघतोय, तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन.

ते आले की बरं वाटतं रे, खोटं कशाला बोलू. पण मी तेव्हाही फाटकाशी हसून निरोप दिला होता, आताही तसाच देणार. तू पास दिलेला तो हिंदी सिनेमा आठवतो? काय काम केलंय त्या नायिकेनं! तो आता परत येणार नाही हे तिला कळलेलं असतं. हात पिठाचे, आणि फाटकाशी उभी राहून हसते. गळ्याची शीर तेवढी हलते, आणि संपलंच. तसं काम पुन्हा दिसणार नाही म्हणून मी तो सिनेमा परत पाहिलासुद्धा नाही. त्यानंतर पंधराच दिवसांनी बाइंडर परगावी निघाले, तेव्हा मला काय करायचं ते ठाऊक होतं. आता साठी उलटल्यावर कुठे कुणाच्या मागे लागू?

गोळ्या वेळेवर घे. माया आहे तेवढी पुरे, वाढवून लाडावू नकोस.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र बायकोनंच आधी फोडलं. वाचून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, आता तरी सांगून टाका.

ताई, तो सिनेमा तिथे संपत नाही.

तू पाहिलास तो पहिल्या दिवसाचा पहिला खेळ. मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होऊन चारच दिवस झाले होते. रिळांचे डबे सोळा, मी मोजले पंधरा, कारण सोळाव्यावर माझा जेवणाचा डबा ठेवलेला. पडदा पांढरा झाला. खाली बघतो तर लोक डोळे पुसतायत. मी दिवे लावले. कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या खेळापासून पूर्ण दाखवला. शेजारीण शेवट वेगळा सांगायला लागली तर तू तिला खुळ्यात काढलंस. मी ताटातून मान वर केली नाही.

सोळाव्या रिळात ती अनवाणी स्टँडवर धावत जाते. गाडीतून त्याची पिशवी खाली ओढते. जाऊ नका एवढंच म्हणते, तेही दम लागल्यामुळे अर्धंच. खरं काम तिथे आहे, ताई. मी पंचवीसदा पाहिलं, पंचवीसदा रडलो.

आधी नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, नंतर लाजेनं. बाइंडरांना तू त्या भरात निरोप दिलास हे आज कळलं. हवं तर मार, पण त्यांना जाऊ देऊ नकोस.
अजून भाऊ म्हणत असशील तर तुझा,
बारक्या

१६ मार्च

चि. बारक्यास,
या खेपेला आशीर्वाद अर्धेच. बाकीचे तू त्या डब्याबरोबर जेवलास.

दोन दिवस तुझ्या नावानं बोटं मोडली आणि रडले. तिसऱ्या दिवशी बाइंडरांकडे गेले. धावलेबिवले नाही, गुडघे माझे आहेत, नायिकेचे नाहीत. बसनं गेले, चपला घालून. ते खोकी बांधत होते. मी एका खोक्याची दोरी सोडली आणि म्हणाले, "जाऊ नका." गळ्याच्या शिरेचं मला माहीत नाही, दोरी मात्र मुठीत घट्ट धरून ठेवली.

ते थांबतायत.

मग तुझा पराक्रम सांगितला. वाटलं, हसतील. पण ते खुर्चीवर बसले. त्यांनीही तो सिनेमा पाहिला होता. त्याच दिवशी, पण दुसऱ्या खेळाला.

"तुम्ही फाटकाशी हसलात," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, आता स्टँडवर येणार. मी दोन गाड्या सोडल्या."

एकवीस तारखेला दोघं आमच्याकडे जेवायला या. जेवणाचा डबा मात्र घरी ठेवून ये.
तुझीच, काय करणार,
ताई