मोजे निघाले, त्याची हकिकत

तीर्थस्वरूप ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे यंदा तो कागदावरच घालतोय, गोड मानून घे.) तुझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला म्हणतेस, म्हणून अक्षर मोठं काढलंय. इकडे सगळं ठीक. म्हणजे काल तुझं पत्र येईपर्यंत ठीक होतं.

आपल्या मऊ मोज्यांचे नमुने परदेशातल्या व्यापाऱ्याला पाठवले होते, हे तुला ठाऊक आहे. ती ऑर्डर मिळाली तर कारखान्यातल्या आठही बायकांना वर्षभर काम. नाहीतर चार मशीन झाकून ठेवायची, आणि चौघींना ते कोणत्या तोंडाने सांगायचं हे मला सुचत नव्हतं. महिन्याने उत्तर आलं, एकाच ओळीचं: ‘युअर सॉक्स नॉक्ड अवर सॉक्स ऑफ.’ मी डिक्शनरी घेऊन बसलो. (लहानपणी तू इंग्रजी शिकवायला बसलीस की मी माळ्यावर लपायचो, त्याची ही फळं.) शब्दाला शब्द लावला आणि अर्थ निघाला: तुमच्या मोज्यांमुळे आमचे मोजे निघाले. थंडीचा देश, बिचाऱ्यांनी स्वतःच्या मोज्यांवर आपले चढवले असणार. आपले घसरले आणि जाताना त्यांचेही घेऊन गेले!

त्याच दिवशी माफीचं पत्र धाडलं आणि दुप्पट इलॅस्टिक घालून डझनभर जोड विणून घेतले. आधी स्वतः घालून पाहिले. घालताना तुझी भावजय आणि मशीनवरच्या दोघी मदतीला होत्या, काढताना कात्री. (पोटऱ्यांवरचे वळ अजून आहेत.) पार्सल रवाना केलं आणि मग निवांतपणे तुला अर्थ विचारला. अक्कल माझ्याकडे नेहमी मागच्या टपालाने येते.

काल तुझं उत्तर आलं. ‘गाढवा, ही शाबासकी आहे!’ म्हणे पूर्वी तिकडे मारामारीत माणसाला असा बडवायचे की पायातले मोजेसुद्धा निघावेत. पुढे बडवणं गेलं आणि नुसतं थक्क होणं उरलं. आता आपणही तोंडात बोटं घालतो म्हणतो, पण त्यासाठी हात धुवायला कुणी उठत नाही, हे तुझं म्हणणं पटलं. पण ताई, ज्याने मऊपणाची वाहवा केली त्याला मी पाय आवळायचं सामान पाठवलं गं! तेव्हा चांगल्या इंग्रजीत त्याला चार ओळी लिही. भाऊ वेडा आहे असं स्पष्ट लिहू नकोस, तेवढं त्याला कळलं असेल.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच त्याचा कागद आला. पहिल्यासारख्याच मोज्यांची ऑर्डर, आठही मशीनना वर्षभर पुरेल एवढी! मशीनवरच्या बायका इतक्या ओरडल्या की तुझी भावजय आग लागली समजून बादली घेऊन आली. कागदाच्या शेवटी मात्र, एवढं घाबरून माफी मागायचं कारण नव्हतं म्हणून पुढे लिहिलंय, ‘कीप युअर शर्ट ऑन.’ शब्दाला शब्द लावला तर: शर्ट अंगातच ठेवा. मी शर्ट घातलेलाच होता, तरी वरचं बटण लावून घेतलं. या वेळी आधी तुला विचारतो.

आणखी एक ता. क. पत्रातून अर्थ विचारत हा धंदा व्हायचा नाही. कारखान्यावरची उजेडाची खोली झाडून, रंगवून ठेवलीय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू तिथे एकटी असतेस, ते मला बघवत नाही. एवढं एक वाक्य लिहायला हे सगळं पत्र खर्ची पडलं. ये. या वेळी शिकायला बसेन. माळ्यावर आता मला चढताच येत नाही.