उन्हात बसलेल्या बायका

२ जुलै २००६, रविवार. पिनर, लंडन
काल फुटबॉलमध्ये इंग्लंड हरलं, त्यामुळे आज रस्ता गप्प. ऊन मात्र भाजून काढतंय. समोरचा टेरी उघडाबंब होऊन कुंपणाची हेज कापत होता. पोट सुटलेलं, पाठ लाल. मला बघून हात केला, मीही केला. त्यात काय एवढं!

दुपारी नॉटिंगहॅमहून मुग्धाचा फोन. तिची मैत्रीण हॉली नदीकाठच्या पार्कात पाठ शेकत पडली होती, शर्ट न घालता. शेजारी चार पुरुष तसेच पडलेले. पार्कचा वॉर्डन आला तो फक्त हिलाच म्हणाला, अंगात घाल नाहीतर जा. म्हणून १६ला वीस-पंचवीस जणी तिथेच शर्ट काढून बसणार. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. सँडविच खायचं, घरी जायचं. आणि त्यात मुग्धा पण.

"आई, आधी तुला सांगते, मग बाबाला."
म्हटलं, वेडी आहेस का? बाबा जन्मात बोलणार नाहीत तुझ्याशी.
"नको बोलू दे. पण मी खोटं नाही सांगणार त्याला."

सत्तावीस वर्षांची आहे, हॉस्पिटलात फिजिओ आहे. काय बोलणार? पण मला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोललेले नाहीत. १६ होईपर्यंत सांगू नकोस म्हणून हातापाया पडले तिच्या. शेवटी "ओके, पण नंतर सांगणार" म्हणाली.

५ जुलै, बुध.
गणपतीसाठी ब्लाऊज शिवायला येऊ लागलेत. आज तीन मापं. पडद्यामागे उभी केली की प्रत्येकीचे खांदे आत जातात. नवरी असो, सासू असो. "जरा सैलच ठेवा हं उषाताई." पाठ सरळ करा म्हणून सांगावं लागतं, नाहीतर छातीवरचे टक्स चुकतात. मी कधी बघत नाही. टेपवरचा आकडा बघते. चोवीस वर्षं ह्या एकाच अवयवाची मापं घेतेय आणि बघितलेलं काहीच नाही.

रात्रभर मु.चा विचार. कुणी दगड मारला तर? कुणी फोटो काढला तर?

९ जुलै, रवि.
माती खाल्ली मी. प्रमिलावहिनींचा फोन. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या महिला विभागाच्या त्या प्रमुख, हे मंडळाचे सेक्रेटरी. १६ला नाचाची तालीम आहे, याल ना? मी गडबडले. म्हटलं नॉटिंगहॅमला जायचंय, मुग्धाचा बायकांच्या हक्कांसाठी मोर्चा आहे. एवढं बोलून थांबले. पुढचं सांगायला जीभ रेटेना.
वहिनी खूश! "अगं मग एकटी काय जातेस? मंडळातर्फे दोघी तरी नकोत? मी गाडी काढते."
नको नको म्हणेपर्यंत फोन ठेवला त्यांनी. अडुसष्टाव्या वर्षी एम-वन मोटरवेवर गाडी हाकणारी बाई. तिला कोण अडवणार!

१५ जुलै, शनि.
वहिनींना खरं सांगायला सहा वेळा फोन उचलला, सहा वेळा ठेवला. हे म्हणाले, "प्रमिलावहिनींबरोबर जातेयस ना? छान."

१६ जुलै, रवि. रात्री
खूप उशीर झालाय. तरी लिहिते.

वहिनी काठापदराची साडी नेसून आल्या. मागच्या सीटवर पुरी-भाजीचे डबे आणि मंडळाचा बॅनर. महाराष्ट्र मंडळ, महिला विभाग, भगव्यावर पांढरी अक्षरं. मीच शिवलेला. लेस्टरपर्यंत धीर झाला नाही. सर्व्हिस स्टेशनला चहा घेताना सांगितलं. वहिनींनी कप खाली ठेवला. मला वाटलं, गाडी वळवणार. मग म्हणाल्या, "पुऱ्या साठ केल्यात. परत कुठे नेऊ?"

पार्कात गेलो तर सगळ्या चादरी पसरून बसलेल्या, कपड्यांत. दोन पोलीस झाडाखाली. मु. धावत आली, वहिनींना बघून तिचा चेहरा उतरला. एक वाजला. शिट्टी नाही, इशारा नाही. एकेकीने शर्ट काढायला सुरुवात केली. मु.ने तिचा काढून माझ्या हातात दिला. लहानपणी शाळेतून आली की द्यायची, तसा. मी घडी घातली. मग शेजारणीचा घेतला. मग सगळ्यांचेच घेत गेले.

आणि मग बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. गोऱ्या, काळ्या, एक पंजाबी मुलगी. ओघळलेल्या, लहान, एक खाली एक वर, बाळंतपणाच्या रेषा असलेल्या. दोन एकसारख्या नाहीत. मॉरीन म्हणून सत्तरीच्या बाई होत्या, डावीकडे नुसता आडवा व्रण. अशा बायकांच्या ब्लाऊजला आतून पॅड लावून देते मी, कुणाला कळू नये म्हणून, त्याही डोळ्यांत पाणी आणून सांगतात कुणाला बोलू नका. आणि ही उन्हात बसून वहिनींची पुरी खात होती. "लव्हली, व्हॉट्स इन इट?" म्हणून विचारत होती.

एकीचेही खांदे आत नव्हते. माझी मुलगी ताठ बसली होती. ही माझ्या पोटची, आणि मला भीती नाही वाटली, लाज नाही वाटली. देवळात गाभाऱ्यापुढे गेल्यावर होतं तसं झालं.

दोन टगे आले, काहीतरी ओरडले. कुणी मान वळवली नाही. पोलिसांनीच त्यांना घालवलं. एक फोटोवाला आला. मी बॅनर गुंडाळून ठेवायला धावले, तर तो वहिनींनी केव्हाच दोन झाडांना बांधला होता.
"वहिनी, काढा तो! मंडळाचं नाव आहे."
"राहू दे. आणलाय ना." मग बऱ्याच वेळाने, "उषा, ह्यांना कुणी ढकलून नाही आणलं गं. आपापल्या आल्यात."
पदर सारखा करायला त्यांचा हात गेला आणि अर्ध्यावर थांबला. तेवढंच.

ह्यांनी विचारलं, कसा झाला मोर्चा? म्हटलं, शांततेत.

१८ जुलै, मंगळ.
मु. म्हणते, आता सांगते बाबाला. म्हटलं, रविवारपर्यंत थांब, मीच सांगते. रोज चहाच्या वेळी ठरवते. चहा संपतो.

२० जुलै, गुरु.
सांगायची वेळच आली नाही. मंडळाची वेबसाइट सांभाळणारा ब्रॅकनेलचा निखिल, त्याने ह्यांना ईमेल पाठवला. नॉटिंगहॅमच्या पेपरातला फोटो. "काका, हे आपलंच मंडळ का?" मागून घेतलेला फोटो, नुसत्या पाठी. वर झाडांमध्ये भगवा बॅनर, ठळक. कडेला मी, मांडीवर शर्टांचा ढीग. आणि माझ्याजवळची पाठ कुणाची ते बापाला सांगावं लागत नाही, खांद्यावरचा तीळ आहे.

हे कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. मी मागे उभी.
"तुला माहीत होतं?"
"हो."
"किती दिवस?"
"अठरा."
उठून बागेत गेले. टोमॅटोला पाणी घातलं. मघाशीच घातलं होतं.

वहिनींना फोन केला. म्हणाल्या, कमिटीने विचारलं तर बॅनर मी बांधला म्हणून सांग. आवाजात जरा मजाच वाटत होती त्यांच्या.

२३ जुलै, रवि.
तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं. मीठ दे, किल्ली कुठाय. मला त्यांचा भाऊ आठवतोय सारखा.

अकराला मु.चा फोन. "बाबा आहे?" मी काही बोलायच्या आत ह्यांनी हातातून घेतला. मला इकडचंच ऐकू येत होतं.
"हं."
"हं."
तिकडून ती बोलत होती, भराभर.
"क्रीम लावलं होतंस का पाठीला?"
"बरं. घरी आलीस की बोलू. मला पटलेलं नाही, मुग्धा. पण ये."

फोन ठेवून चष्मा पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सप्टेंबरात परत बसणार आहेत म्हणे. लंडनला. तू जाणार?"
"जाणार."
"परत शर्ट सांभाळायला?"
आता तीन दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघत होते, खरंच विचारत होते. हो, तेवढंच, असं म्हणायचं होतं. सोपं होतं. तोंड उघडलं, तर माझेच खांदे सरळ झालेले.
"माहीत नाही," म्हटलं.