सातवं नॅशनल, घरच्या कोर्टवर

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

टेनिस नॅशनलचा ड्रॉ लागला. मला पहिलं सीडिंग. बत्तीस वर्षांची, खांद्याचं ऑपरेशन झालेली – तरी पहिलं! पेपरचा बातमीदार विचारत होता, "हे तुमचं शेवटचं नॅशनल समजायचं का?" म्हटलं, समजू नका, बघायला या.

सहा वेळा जिंकले. दिल्ली, चेन्नई, पुणे, कुठे कुठे. इंदोरला ही स्पर्धा कधी आलीच नव्हती. आता आली, ती थेट त्याच क्लबात, जिथे आठव्या वर्षी रॅकेट धरली. सातवं इथेच घ्यायचं. सर्व्हिस पूर्वीइतकी जोरात नाही, पण हवी तिथे पडते.

हॉटेल नको म्हणाली आई. घरीच उतरले. माझ्या खोलीत बाबांनी इस्त्रीचं टेबल ठेवलंय. राहू दे.

सोमवार, २ डिसेंबर

६–१, ६–२. घामसुद्धा आला नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

वासुदेवकाकांकडे गेले होते, कृष्णपुऱ्याला. काका क्लबचे मार्कर होते, म्हणजे पगारावर मेंबरांशी खेळायचं, त्यांची प्रॅक्टिस करून द्यायची आणि जमेल तेवढं त्यांना जिंकू द्यायचं. मेंबर यायच्या आधी, सकाळी साडेपाचला, त्यांनी मला शिकवलं. बारा वर्षं. बाबा बँकेत, आई शाळेत, आमच्या घरात कुणाला टेनिसचा स्कोअर कळत नव्हता. माझं सगळं टेनिस त्या एका माणसाचं. पुढे परदेशात खेळत फिरले तेव्हाही दर मॅचनंतर फोन त्यांनाच.

आता सत्तरीला आलेत. नोकरी केव्हाच संपली. चहा झाला. मी म्हटलं, "काका, फायनलला माझ्या बाजूला बसायचं. कोचचा पास काढून ठेवते."

"पास आहे माझ्याकडे."

"कुणाचा?"

"शिखाचा."

शिखा गौतमपुऱ्याची. सतरा वर्षांची, वडील शेती करतात. ड्रॉमध्ये नाव पाहिलं होतं, सीडिंग नाही. चार वर्षं काका तिला शिकवतायत. "मला कधी बोलला नाहीत?" विचारलं तर म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस बेटा, की मी काय करतो."

खरं आहे. फोनवर मी माझंच बोलायची.

"आणि ती माझ्यासमोर आली तर?"

"तर तिच्या बाजूला बसेन."

वाईट वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे – खूप वाटलं. पण ती ड्रॉच्या दुसऱ्या टोकाला आहे. फायनलपर्यंत येणं काही मज़ाक नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

क्वार्टर. पहिला सेट गेला, मग दोन घेतले. खांद्याला बर्फ लावून बसलेय. शिखाने तिसऱ्या सीडला हरवलं. सरळ सेटमध्ये!

शनिवार, ७ डिसेंबर

मी फायनलला. स्कोअर लिहीत नाही, सोपी गेली.

मग दुसरी सेमी बघायला थांबले. ही पोरगी माझाच बॅकहँड मारते. तोच लवकर वळलेला खांदा, तोच आखूड बॅकस्विंग. दर पॉइंटनंतर काकांकडे बघते आणि काका मान हलवत नाहीत. माझ्याही वेळी कधी हलवली नाही. मागे बसलेला एक जण म्हणाला, "भिया, ये छोरी तो हिंगोट है." तिच्या गावात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाची फळं दारू भरून, पेटवून एकमेकांवर फेकतात. ते बघत मोठी झालेली मुलगी बॉलला काय भिणार. जिंकली.

काका तिला माझं सगळं सांगणार. घाबरले की माझी दुसरी सर्व्हिस समोरचीच्या बॅकहँडलाच जाते, हे जगात फक्त त्यांना माहीत आहे. सांगू देत. उद्या नाही घाबरणार.

रविवार, ८ डिसेंबर

जिंकले. ४–६, ७–६, ६–४. दोन तास पन्नास मिनिटं. सातवं!

आता नीट लिहिते. पहिल्या सेटमध्ये तिने माझी दुसरी सर्व्हिस अशी मारली, जणू पत्ता घेऊनच आली होती. काका समोर, तिच्या बाजूला, टोपी घालून. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून खेळले. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये एक मॅच पॉइंट वाचवला. घाबरले होते, म्हणून दुसरी सर्व्हिस मुद्दाम फोरहँडला टाकली. ती बॅकहँडची वाट बघत होती. रिटर्न नेटमध्ये.

तिसऱ्या सेटला चार-चार. तिच्या पायात गोळा आला. लपवत होती, पण मला दिसलं, डाव्या पायावर भार देत नव्हती. मी ड्रॉप शॉट टाकला. धावली, पोचली नाही. पुन्हा टाकला. मग पुन्हा. इंदोरचे लोक, माझ्यासाठी टाळ्या वाजवायला आलेले, आणि तिच्यासाठी हळहळत होते. मी टाकतच राहिले. ही फायनल आहे, तिला दुखतंय हे मला दिसलं आणि तिथेच मॅच आहे. तिने माझं दुखणं पाहिलं असतं तर तिनेही हेच करायला हवं होतं.

शेवटच्या पॉइंटनंतर लंगडत नेटपर्यंत आली, हात मिळवला, डोळ्यांत बघून. "कॉंग्रॅट्स दीदी." रडली नाही.

काका तिचा पाय चोळत बसले होते. माझ्याकडे आले नाहीत.

सोमवार, ९ डिसेंबर

राहवलं नाही. काकांकडे गेले. "ड्रॉप शॉट टाकले म्हणून रागावलात?"

"छे. तिथे ड्रॉप शॉटच होता. मीच शिकवलाय."

"मग आला का नाहीत?"

"तुला माझी गरज कुठे होती? तुझ्याकडे बसलो असतो तर शोभेला बसलो असतो. तिच्याकडे कामाला बसलो."

निघताना दारापर्यंत आले. "एक सांगू? आता तिलाही मी पुरत नाही. मी ह्या क्लबाच्या बाहेरचं टेनिस टीव्हीवरच बघितलं. काल तिसऱ्या सेटमध्ये ती जे शिकली ते मला शिकवता आलं नसतं."

मागितलं काहीच नाही. त्या माणसाने आयुष्यात काही मागितलेलं नाही. मी चप्पल घालून निघाले.

मंगळवार, १० डिसेंबर

दिवसभर घरात. आईने विचारलं, "जिंकूनही असं तोंड?" म्हटलं, विचार करतेय. "मग कर," म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

सिंगल्समध्ये अजून एक वर्ष जिंकेन. दोनसुद्धा. हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच आत्ता थांबायचं.

बुधवार, ११ डिसेंबर

सिंगल्स बंद केलं. असोसिएशनला मेल गेलं. यापुढे फक्त डबल्स. सकाळी शिखाला फोन करून विचारलं, माझी पार्टनर होशील? वर्षभर बरोबर फिरायचं, बाहेरदेशी सुद्धा, काकांनी टीव्हीवरच बघितलेल्या कोर्टांवर.

म्हणाली, "दीदी, दोन दिवस द्या. विचार करून सांगते."