समानतेचं स्वागतगीत

सोमवार, ७ जुलै
डोकं फिरलंय. मुख्याध्यापिका अनुया मॅडमनी बोलावून सांगितलं की १९ तारखेला केंद्रातल्या अकरा शाळांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आपल्या हॉलमध्ये, आणि ते मी घ्यायचं. विषय: रंग, जात, धर्म यांवरून होणारा भेदभाव, आणि त्याबद्दल मुलांशी बोलायचं कसं. इथपर्यंत ठीक. माणूस बरोबर निवडला. पण सोबतीला विज्ञानाच्या शाजिया मॅडम दिल्या. बावीस वर्षांच्या सर्व्हिसनंतर मला सोबत लागते? माझ्या वर्गात भेदभाव औषधालाही सापडायचा नाही. दर ईदला त्यांच्याकडे दोन वाट्या शीरखुर्मा खातो. माणसाने आणखी करायचं तरी काय?
संकल्प: रोज तासभर वाचन. आणि चिडायचं नाही.

बुधवार, ९ जुलै
वाचन झालं नाही. स्लाइड्स झाल्या, अठ्ठेचाळीस. पहिल्या चाळीस अमेरिका आणि आफ्रिका. शाजिया मॅडमनी विचारलं, सर, आपलं पनवेल कितव्या स्लाइडवर? म्हटलं, पनवेलला काय धाड भरलीये? तर म्हणे, काल तुम्ही जिब्रानला भर वर्गात म्हणालात, तुमच्या मोहल्ल्यात चालत असेल, इथे नाही.
अहो, तो कामोठ्याला सोसायटीत राहतो हे मला काय माहीत! एवढं मनाला लावून घ्यायला लागलो तर शिकवायचं कधी?
चिडायचं नाही हा संकल्प सोमवारपासून.

शुक्रवार, ११ जुलै
स्वागतगीत ठरलं. सातवीतल्या निशाने स्वतः लिहिलंय. विषय, सगळे सारखे. चालही तिचीच. पोरगी कोन गावाहून येते, आवाज खणखणीत. फक्त रंगाने जरा... जाऊ दे. पाहुण्यांना ओवाळायला, फुलं द्यायला, गायला उजळ मुली पुढे करायच्या ही शाळेची पद्धत आहे. मी पाडलेली नाही. फोटो वेबसाइटवर जातात.
तोडगा काढला. खांदा कॉलनीतली कोमल पुढे उभी राहून ओठ हलवेल, निशा पडद्यामागून माईकवर गाईल. निशाला समजावलं, आवाज तुझा, चेहरा तिचा. एका गाण्यात दोघींना संधी. समानता म्हणतात ती हीच. निशा काही बोलली नाही. आनंदाने बोलती बंद झाली असणार. 'हाय' नाही, 'आहे' म्हणायचं, हेही तिला तिसऱ्यांदा बजावलं.

सोमवार, १४ जुलै
शाळेच्या गेटवर निशाची आजी, सखूबाई. सगळ्यांदेखत. म्हणाली, मास्तर, गाना माजे नातीनी लिवला, मंग ती पुढं का नाय? आमची पोर दिसाला वंगाळ हाय काय?
मी म्हटलं, आजी, आवाजाला रूप नसतं. म्हातारी म्हणाली, मंग त्या दुसरे पोरीला ठेवा पडद्यामागं.
बोलायची पद्धत बघा! मी पुरोगामी माणूस म्हणून ऐकून घेतलं. शिपाई काशिराम गेटपाशी उभा राहून हसत होता. त्याला झापलं.
सोमवार चिडण्यात गेला. संकल्प पुढच्या सोमवारपासून.

बुधवार, १६ जुलै
शाजिया मॅडमनी नवीन खूळ काढलं. व्हरांड्यात बंद पेटी ठेवली. शाळेत कोणामुळे कमीपणा वाटला ते मुलांनी नाव न घालता लिहायचं. प्रशिक्षणात त्या चिठ्ठ्या वाचायच्या. आधी उखडलो. मग लक्षात आलं, पीटीचे मितेश सर पोरांना 'कोळसा' म्हणून हाका मारतात. बरा सापडेल. मी लगेच वरून नियम घातला: ज्या शिक्षकाबद्दल चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून मुलाची माफी मागायची. अनुया मॅडमना नियम फार आवडला. शाजिया मॅडमनी विचारलं, नक्की ना, सर? म्हटलं, उदयसिंहचा शब्द आहे.

शुक्रवार, १८ जुलै
रंगीत तालीम. कोमलने मध्येच विचारलं, सर, निशाच का नाही गात? मला खोटं खोटं वाटतं. आजकालची पोरं! चांगलं करायला जावं तर हे. तिला म्हटलं, मोठ्यांना शिकवू नकोस. पेटी उघडून पाहावी असं शाजिया मॅडमचं मत पडलं. मला वेळ नाही. स्लाइड्सना संगीत लावायचंय.

शनिवार, १९ जुलै, संध्याकाळी ५.१०
गीत उत्तम झालं. टाळ्या कोमलला.
प्रोजेक्टर लागला नाही. अठ्ठेचाळीस स्लाइड्स पाण्यात. संताप संताप झाला. त्याच तावात पेटी उघडली. समोर ऐंशी शिक्षक. आधी नियम सांगितला, मग मितेश सरांकडे बघत म्हटलं, असा शिक्षक पेशाला काळिमा आहे, त्याला मुलांसमोर उभं राहण्याचा हक्क नाही. टाळ्या पडल्या. हाताला आली ती चिठ्ठी मोठ्याने वाचली.
"मी गाणं लिहिलं. मी पडद्यामागे गाते. सर म्हणाले, आवाज तुझा, चेहरा तिचा. घरी मी आरशात बघायचं सोडलं."
मला उभं राहायला लागलं नाही, मी उभाच होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो, ही चिठ्ठी बाहेरून कोणीतरी टाकलेली दिसते, अशी मुलगी आपल्या शाळेत नाहीच.
मागच्या पडद्याआडचा माईक कोणी बंद केला नव्हता. स्पीकरमधून आवाज आला, अगदी अदबीने:
"मी इथंच हाय, सर."

सोमवार, २१ जुलै
सातवीचा पहिला तास. निशा पहिल्या बाकावर, वही उघडून बसलेली. शनिवारची माफी बाकी होती. शब्द दिला होता. घरून पाठ करून गेलो होतो, चार वाक्यं. तिच्यासमोर उभा राहिलो. पोरं बघत होती. ओठ हलले. आवाज काही फुटला नाही.
निशाने थोडा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, सर, कितवा धडा?